प्लगचा रंग आणि प्लगची गॅप

पद्मिनी, अ‍ॅम्बॅसेडर अशा कार्ब्युरेटर आणि पॉइंटवर चालणाऱ्या गाड्यांचे प्लग इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच काढावेत. पद्मिनीचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं; गरम असताना पाना लावला तर प्लगबरोबर हेडचे आटेही निघून येऊ शकतात, आणि चार प्लगांचं किरकोळ काम हेड उतरवण्यावर जातं. अ‍ॅम्बॅसेडरचं बिडाचं हेड जास्त सोसतं. प्लगभोवतीची धूळ आधी हवेने उडवावी, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. वायर कॅपला धरून ओढावी, तीही एका वेळी एकच. दोन्ही गाड्यांची फायरिंग ऑर्डर 1-3-4-2. ती तोंडपाठ असणारेसुद्धा चारही वायरी एकदम सोडल्या की डिस्ट्रिब्युटरपाशी घोटाळतात.

निघालेला प्लग लगेच फडक्याने पुसणारा मेकॅनिक अर्धी माहिती पुसून टाकतो. प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडून आधी बघायचे असतात. टोकाची चिनीमाती भाजल्या बिस्किटाच्या रंगाची असेल तर सगळं ठीक. कोरडी काजळी म्हणजे मिक्श्चर रिच: चोक अडकलेला, एअर फिल्टर चोंदलेला, किंवा गाडी नुसती गल्लीतल्या गल्लीत फिरणारी. ओलं, तेलकट काळं दिसलं तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजलेत. तिथे नवा प्लगही थोडेच दिवस टिकेल. पांढरीफटक चिनीमाती आणि तिच्यावर बारीक फोड ही प्लग फार तापत असल्याची खूण. मिक्श्चर लीन असेल, टायमिंग पुढे असेल, नाहीतर प्लगच चुकीच्या हीट रेंजचा असेल. ही शेवटची चूक सहज होते, कारण बॉशच्या प्लगवर आकडा वाढला की प्लग गरम जातीचा आणि एनजीकेच्या प्लगवर तोच वाढला की थंड जातीचा. चारांतला एकच वेगळा दिसला, तर कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी त्या सिलिंडरकडे बघावं.

पॉइंटवाल्या गाड्यांना गॅप साधारण 0.6 मिमी, अ‍ॅम्बॅसेडरला 25 थाऊ, म्हणजे 0.64. नवा प्लगही खोक्यातून काढून तसाच बसवू नये, मोजावा. गॅप जितकी मोठी तितकं जास्त व्होल्टेज लागतं, आणि दाबलेल्या हवेत ते आणखी वाढतं. म्हणून हेडला टेकवून उत्तम ठिणगी देणारा प्लग भरल्या गाडीत, घाटाच्या चढावर मिसिंग करतो. गॅप फार कमी ठेवली तर आयडलला मिक्श्चर नीट पेटत नाही आणि गाडी थरथरते. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे सीएनजीवरच्या गाडीत गॅप थोडी कमीच ठेवतात.

वापरलेल्या प्लगच्या बाजूच्या इलेक्ट्रोडला आतून बारीक खळगा पडतो. पट्टीचा फीलर गेज त्या खळग्यावरून सरळ सरकतो आणि गॅप आहे त्याहून कमी दाखवतो. इथे तारेचा गेज हवा. तार हलकी घासत गेली पाहिजे. अडकायला नको, सैलही नको. वाकवायचा तो बाजूचा इलेक्ट्रोडच. मधल्या इलेक्ट्रोडचा टेकू घेऊन जोर लावला तर चिनीमातीला डोळ्यांना न दिसणारी चीर जाते. गॅप कमी करायची तर बाजूचा इलेक्ट्रोड लाकडावर हलकेच ठोकावा. ठिणगीला धारदार कड सोपी जाते. मधल्या इलेक्ट्रोडची कड गोल झाली असेल तर बारीक कानस फिरवून काही दिवस निभावतं, पण असा प्लग बदललेलाच बरा. तारेच्या ब्रशने चिनीमाती घासण्याची सवय मात्र वाईट: धातूचे ओरखडे तिच्यावर राहतात आणि प्लग तिथूनच शॉर्ट होतो.

बसवताना प्लग आधी हातानेच फिरवावा. दोन-तीन आट्यांत अडला तर पाना न लावता बाहेर काढून आटे साफ करावेत. हाताने टेकल्यावर नव्या वॉशरच्या प्लगला पान्याने अर्धा ते पाऊण फेऱ्याच्या आतच ताण द्यावा; जुना वॉशर आधीच चेपलेला असतो, त्याला फेऱ्याचा बारावा हिस्सा पुरे.