शिखरजीची सायंकाळ

सम्मेद शिखरजी ही वीस तीर्थंकरांची निर्वाणभूमी. चढण, वंदना व उतरण मिळून वाट 27 किलोमीटरांची. बहिणीने दिलेल्या मूत्रपिंडावर मी जगत आहे. ही यात्रा मला झेपेल का, हे विचारण्यासाठी रत्नागिरीहून निघण्याच्या दीड महिना आधी मी डॉक्टरांकडे गेलो.

शरीराने ते मूत्रपिंड परके मानून नाकारू नये म्हणून माझी प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवलेली आहे. त्यामुळे जिवंत जंतूंच्या लशी मला वर्ज्य. फ्लू व विषमज्वराची निष्क्रिय लस मात्र डॉक्टरांनी आधीच टोचली. झारखंडात हिवताप आढळतो, म्हणून मच्छरदाणी न्यावी. त्यावरील गोळी मनाने घेऊ नये, कारण मूळ औषधांशी तिचा विरोध होऊ शकतो. औषधे चिठ्ठीसह, काही दिवसांची जादा, हातातल्या पिशवीत ठेवावीत. उकळलेले पाणी तर आपल्या आचारातच आहे.

अडचण निराळीच निघाली. माझ्या गोळ्या बारा तासांच्या अंतराने, सकाळी व सायंकाळी सहाला. डिसेंबरात रत्नागिरीत ही वेळ सूर्यास्ताआधी कशीबशी साधते. शिखरजीला मात्र सूर्य पाचच्या सुमारासच मावळतो. मग माझ्या चोविहाराचे काय?

महाराजसाहेब म्हणाले, "पच्चक्खाणातच आगार आहेत. समाधी टिकावी म्हणून औषध घेणे हा त्यांतलाच एक."

व्रत माझे होते, मूत्रपिंड बहिणीचे दान होते. डोलीने वंदना करून उतरलो आणि सहाच्या ठोक्याला गोळी घेतली. मन शांत होते.