लोह विहिरीपाशीच सोडायचं

घरामागची विहीर बुजवून तिथे गाडीसाठी शेड घालावी, या मतावर मी बरीच वर्षं ठाम होते. उमेळ्यात हे बोलून दाखवणं सोपं नाही. वसईच्या या पट्ट्यात केळी, पानवेल, मोगरा, भाजीपाला सगळं उभं राहिलं ते विहिरींच्या आणि बावखलांच्या, म्हणजे छोट्या तळ्यांच्या, जिवावर. विहीर बुजवायची गोष्ट निघाली की सासूबाई जेवणावरून उठून जायच्या.

माझी कारणं पोकळ नव्हती. नळ घरात आला होता. सूर्या प्रादेशिक योजनेचं पाणी २०२३ च्या अखेरीस वसई-विरारकडे येऊ लागलं, तेव्हा तर मला वाटलं, आता विहिरीचा विषयच संपला. तिचं पाणी नुसतं त्रासाचं होतं. बादलीच्या तळाशी तांबूस गाळ, बेसिनमध्ये नळाखाली तपकिरी ओघळ, आणि पांढरे शर्ट चार धुण्यांत पिवळट. ब्लीच घातलं की डाग आणखी पक्के बसायचे. लोहाच्या डागाला लिंबू किंवा सायट्रिक ॲसिड लागतं, ब्लीच नव्हे, हे पुष्कळ कपडे टाकून दिल्यावर कळलं. या पाण्यात चहा ठेवला तर उकळी येता येता तो शाईसारखा काळा व्हायचा. चहातलं टॅनिन आणि पाण्यातलं लोह एकत्र आलं की असंच होतं.

सासूबाई एकदाच म्हणाल्या, “आधी पाणी तपासून घे. मग काय ते बुजव.” त्यांची अट रास्त होती, म्हणून मान्य केली. माझं मत पालटायला सुरुवात झाली ती तिथून.

त्याच सुमारास एक विक्रेता दारी आला होता. त्याने आमच्या पाण्यात टीडीएस मीटर बुडवला आणि मोठा आकडा दाखवला. मग दोन ग्लास मांडले, एकात आमचं पाणी आणि दुसऱ्यात त्याच्या यंत्राचं. दोन्हींत धातूच्या कांड्या सोडून वीज लावली. आमच्या ग्लासात बघता बघता तपकिरी चोथा वर आला. त्याचा ग्लास स्वच्छ राहिला. तांबड्या पाण्याला कंटाळलेल्या घरात असा प्रयोग फार लवकर पटतो. मी विज्ञान शिकवलेलं आहे, तरी क्षणभर मलाही पटला होता. पण मी त्याला त्याच्याच पाण्यात चिमूटभर मीठ टाकून कांड्या पुन्हा बुडवायला सांगितल्या. तेही पाणी तपकिरी झालं. वीज वाहायला पाण्यात क्षार लागतात. ते मिळाले की कांडीचंच लोखंड सुटतं आणि त्याचा चोथा होतो. पाण्यात आधी लोह किती होतं, हे त्या प्रयोगातून अजिबात कळत नाही. टीडीएस मीटरही लोह वेगळं दाखवत नाही. एकूण क्षारांचा अंदाज देतो, बस.

प्रयोगशाळेत मात्र तपासणीसाठी बाटल्या वेगवेगळ्या लागल्या. लोहाच्या बाटलीत नायट्रिक ॲसिडचे थेंब घालतात, नाहीतर वाटेतच लोहाचा गाळ होऊन बाटलीला चिकटतो आणि आकडा खोटा कमी येतो. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली निराळी. पीएच शक्यतो जागेवरच मोजायचा, कारण पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून गेला की तो बदलतो. अहवाल आला. लोह लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आसपास, पीएच ७ च्या किंचित वर, क्लोराइड चढं आणि कोलिफॉर्म जंतू हजर.

या कागदाकडे मी फार वेळ बघत बसले. इतकी वर्षं मी ज्याला घाबरत होते ते लोह, आणि ज्याचा विचारही केला नव्हता ते मीठ आणि जंतू. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात २०१२ साली लोहाची मर्यादा लिटरला ०.३ मिलिग्रॅम होती. २०१५ च्या दुरुस्तीने ती १ मिलिग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटनेने तर लोहासाठी आरोग्याच्या कारणाने मर्यादाच घातलेली नाही. ०.३ च्या वर गेलं की कपड्यांना आणि भांड्यांना डाग पडतात, चव बिघडते, एवढंच म्हटलं आहे. म्हणजे आमचं लोह हा मुख्यतः कपड्यांचा, पाइपांचा आणि गीझरचा प्रश्न होता. पोटाचा प्रश्न दुसराच होता, आणि तो डोळ्यांना दिसत नव्हता.

मग सासूबाईंचं एक जुनं वाक्य आठवलं. रहाट होता तेव्हा पाणी कधी तांबडं नव्हतं, असं त्या नेहमी सांगायच्या. जुन्या दिवसांची ओढ म्हणून मी ते कानांआड करत असे. आता त्यातलं रसायन उघड दिसायला लागलं. जमिनीत खोल, खाडीच्या चिखलात, जिथे कुजलेल्या पाल्यापाचोळ्याने प्राणवायू संपवलेला असतो, तिथे लोह पाण्यात विरघळलेलं राहतं. अशा पाण्याला रंग नसतो. आमच्या विहिरीच्या तळात मारलेल्या बोअरचं पाणी काचेच्या ग्लासात धरलं की पहिल्यांदा नितळ दिसतं. ओट्यावर ठेवलं की थोड्या वेळाने त्यात पिवळसर धूसरपणा येतो, आणखी काही वेळाने तळाला तांबूस थर बसतो. हवा लागली की विरघळलेल्या लोहाचा गाळ होतो. पावसाळ्यानंतर विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली की पाणी एकदम तांबडं व्हायचं आणि आम्ही पावडरीला दोष द्यायचो. क्लोरीन फक्त हेच काम झटपट करत होतं.

जुन्या उघड्या विहिरीत वरचं पाणी हवेशी गाठ घेऊनच असायचं. रहाटाची गाडगी ते उचलायची, थारोळ्यात ओतायची, तिथून ते पाटाने वाडीत जायचं. लोह विहिरीत आणि पाटातच खाली बसत असणार. आमच्या घरात बदल झाला तो बोअरने. टँकरनी वसईच्या गोड्या पाण्याचा उपसा केला, पातळी खाली गेली, खारेपण आत सरकलं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईची चळवळ उभी राहिली, त्यात पाण्याचा हा प्रश्न अग्रभागी होता. पुढे आमच्याही घरी विहिरीच्या तळात बोअर मारली गेली. पाणी मिळालं, पण खालचं. ते हवा न खाता थेट पाइपात आणि पाइपातून गच्चीच्या टाकीत जाऊ लागलं. रहाटाचं काम कुणीच करत नव्हतं.

हे कळल्यावर फिल्टर निवडणं वेगळ्याच वाटेने गेलं. तोवर माझ्या डोळ्यांसमोर स्वयंपाकघरात भिंतीला टांगायचं एखादं यंत्र होतं. पण विरघळलेलं लोह कॅन्डलमधून किंवा सुताच्या कार्ट्रिजमधून सरळ पार होतं आणि पलीकडे जाऊन तांबडं होतं. गाळ झालेलं लोह आलं तर कार्ट्रिज तुंबतं. आरओचा पडदाही लोहाने लवकर खराब होतो, शिवाय बरंच पाणी वाया जातं. एकाने सॉफ्टनर सुचवला. त्यात थोडं विरघळलेलं लोह निघतं, हे खरं. पण त्याला नियमित मीठ घालावं लागतं आणि ते खारं पाणी कुठेतरी सोडावं लागतं. आमच्याकडे ते सोडायचं म्हणजे वाडीत, विहिरीच्याच कुशीत. ज्या पट्ट्याने खारेपणाशी इतकी वर्षं झगडा केला, तिथे स्वतःच्या हाताने जमिनीत मीठ ओतायला माझं मन तयार झालं नाही. तो पर्याय मी तिथेच सोडला, आणि आजही कुणी विचारलं तर नको म्हणते.

बाहेर काय करतात हेही पाहिलं. आसाममध्ये लोहाचं पाणी घराघरांत आहे आणि वाळू-कोळशाचे घरगुती फिल्टर तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालतात. भुवनेश्वरच्या आयएमएमटी या सीएसआयआरच्या संस्थेने लाल माती, नदीची रेती आणि लाकडाचा भुसा एकत्र भाजून टेराफिल नावाची चकती तयार केली, ती लोह चांगलं अडवते. पण तिच्यातून पाणी सावकाश झिरपतं. प्यायच्या पाण्याला ती उत्तम, अख्ख्या घराच्या धुण्याला मात्र पुरायची नाही.

मग साधा हिशेब मांडला. लिटरला ३ मिलिग्रॅम लोह, दिवसाला घरात हजार लिटर वापर, म्हणजे रोज ३ ग्रॅम आणि वर्षाला किलोपेक्षा जास्त लोखंड. त्याचा गाळ झाला की वजन जवळजवळ दुप्पट. इतकं लोह दरवर्षी आमच्या कपड्यांत, गीझरच्या कॉइलवर आणि पाइपांच्या आत जाऊन बसत होतं. ते अडवायचं तर विहिरीपाशीच अडवायला हवं, आणि ते साठून राहू नये म्हणून उलटं पाणी सोडून धुऊन काढता यायला हवं.

लोहाचा गाळ करायला हवा किती लागते, याची मला धास्ती होती. ती अनाठायी निघाली. १ मिलिग्रॅम लोहाला जेमतेम ०.१४ मिलिग्रॅम प्राणवायू पुरतो. आपल्याकडच्या उन्हाळी तापमानालाही हवा खाल्लेल्या पाण्यात लिटरला सात-साडेसात मिलिग्रॅम असतो. खरी अडचण वेळेची आणि पीएचची. पीएच एकाने उतरला तर लोहाचा गाळ होण्याचा वेग सुमारे शंभरपटीने मंदावतो. आमचा ७ च्या वर होता, आणि फवाऱ्याने कार्बन डायऑक्साइड उडून गेला की तो थोडा आणखी चढतो. तेव्हा आम्हाला फवारा आणि थोडा धीर पुरेसा होता.

विहिरीच्या कठड्याशेजारी कट्टा बांधून त्यावर ५०० लिटरची टाकी बसवली. बोअरचं पाणी टाकीच्या तोंडाशी भोकं पाडलेल्या पीव्हीसी पाइपातून खाली खडीच्या ताटावर पडतं, तिथून टाकीत. सगळ्या तोंडांना बारीक जाळी, कारण डासांना आमंत्रण देऊन लोह काढण्यात अर्थ नाही. टाकीत पाणी अर्धा तास थांबतं, जाड गाळ तळाशी बसतो, तो तळाच्या व्हॉल्व्हमधून सोडता येतो. मग छोटा पंप ते पाणी फायबरच्या उभ्या टाकीतून गच्चीवर ढकलतो.

या उभ्या टाकीत काय भरायचं, यावर प्लंबरचा आणि माझा खल झाला. मँगनीज डायऑक्साइडचे शुद्ध दाणे लोह फार चांगलं पकडतात, पण जड असतात. उलटं पाणी सोडताना ते उचलले गेले नाहीत तर गाळ आतच राहतो आणि सगळा थर दगडासारखा घट्ट होतो. प्लंबर म्हणाला, “काकू, आधी पंप किती पाणी देतो ते बघू. मग दाणे ठरवू.” बादली आणि घड्याळ घेऊन आम्ही ते मोजलं. दहा इंची टाकीला मँगनीजचा लेप असलेले हलके दाणे धुवायला मिनिटाला २० लिटरच्या आसपास पाणी लागतं. जड दाण्यांना त्याच्या दुपटीहून अधिक. आमचा पंप पहिल्यालाच पुरणारा होता. निवड तिथेच झाली, जाहिरातीतल्या कुठल्याही टक्केवारीपेक्षा पक्क्या आधारावर.

पहिल्यांदा बॅकवॉशचा व्हॉल्व्ह फिरवला तेव्हा गडद तांबडं पाणी धो धो बाहेर आलं, मग फिकट होत होत नितळ झालं. ते पाणी केळीच्या आळ्याशेजारच्या खड्ड्यात जातं. पाणी मुरतं, गाळ वर राहतो, वाळला की फावड्याने काढतो. मिठाचा कण त्यात वरून घातलेला नाही.

गच्चीच्या टाकीतून आता स्वच्छ पाणी येतं, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याच गोष्टीची वाटते. तांबडं पाणी कुणी पीत नव्हतं. नितळ पाणी पाहुणा सहज तोंडाला लावतो. जंतू या फिल्टरने जात नाहीत, मीठही जात नाही. म्हणून मागच्या नळांवर ‘पिण्यासाठी नाही’ असं ठळक लिहून ठेवलं आहे, आणि प्यायला-स्वयंपाकाला नळयोजनेचंच पाणी घेतो. लोहाचा फिल्टर बसवला म्हणजे पाणी शुद्ध झालं असं समजणाऱ्या घरांना हे मी आवर्जून सांगते.

विहीर बुजवायचं मी आता बोलत नाही. उलट पावसाळ्यात गच्चीचं पाणी रेती-खडीच्या खड्ड्यातून गाळून तिच्यात सोडतो, आणि ती भरलेली असते तोवर वरचं पाणी आधी वापरतो. त्यात लोह कमी आहे, हे पुन्हा तपासून पाहिलं. बोअर त्यानंतर. मे महिन्यात क्लोराइड परत तपासायचं आहे. ते आणखी चढलेलं निघालं तर बोअरचा उपसा कमी करावा लागेल, म्हणजे केळीचं पाणी तोडावं लागेल, आणि त्यावरून घरात पुन्हा वाद होणार. या खेपेला सासूबाई केळीच्या बाजूने असतील आणि मी विहिरीच्या.