पहाटेचे चार ग्लास

आमच्या शहापूरच्या वाड्यात दुखण्याची एक सीमारेषा होती आणि ती बरोबर कमरेवरून जात होती. डोके, दात, घसा, छाती यांपैकी काहीही दुखले की माणूस कट्ट्यावर बसून चारचौघांत सांगायचा आणि चौघेही आपापले काढे सुचवायचे. कमरेच्या खाली काही झाले तर मात्र तो माणूस आणि त्याचे नशीब. आम्हा सीमाभागातल्या लोकांना रेषेचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

2017 सालच्या जानेवारीत एका सकाळी मला संडासात रक्त दिसले. मी तेव्हा 27 वर्षांचा, एका पतसंस्थेत कारकून. दिवसभर लाकडी खुर्चीवर बैठक, दुपारी गार डबा, संध्याकाळी मिरचीभजी. मूळव्याध असणार, असे निदान मीच केले आणि उपचारही मीच सुरू केले. आई विचारायची, "रोज रोज सुरण कशाला रे?" मी म्हणायचो, "आवडायला लागलंय." मलमाची नळी आणायला गेलो तेव्हा दुकानात एक मुलगी उभी होती. ती जाईपर्यंत मी वीस मिनिटे दंतमंजनांचे डबे वाचत उभा राहिलो. असे चार महिने गेले. रक्त कधी थांबे, कधी पुन्हा येई. थांबले की मी सुरणाला श्रेय देई.

एप्रिलअखेर कचेरीचा जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन 9. आमच्या डॉक्टरांनी एका तज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, "वडील आहेत?"

"नाहीत. 2003 साली गेले."

"कशाने?"

"पोटाच्या दुखण्याने."

"पोट फार मोठं असतं. नेमकं कशाने?"

मला सांगता येईना. वडील गेले तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. वाड्यातले सगळे 'पोटाचं दुखणं' म्हणत, मीही चौदा वर्षे तेच म्हणत आलो होतो. डॉक्टरांनी कागदावर उलट्या यू अक्षरासारखे मोठे आतडे काढले. उजवीकडून वर, आडवे, मग डावीकडून खाली, साधारण दीड मीटर. बोटाएवढ्या जाडीची लवचीक नळी, टोकाला दिवा आणि कॅमेरा, ती खालून घालून शेवटपर्यंत बघायचे. "मूळव्याध असेलही," ते म्हणाले, "पण न बघता मूळव्याध म्हणायचं नाही. आणि घरी विचारून या."

मी घरी विचारले नाही. तपासणी आहे, एवढेच आईला सांगितले.

तयारीचा कागद मात्र घरात सर्वांनी वाचला, कारण तो मी फळीवर विसरलो. तीन दिवस कोंडा, भाजीची पाने, बिया, शेंगदाणे बंद. मऊ भात, ताक, गाळलेले वरण एवढेच चालेल. लाल रंगाचे काही प्यायचे नाही, आतड्यात ते रक्तासारखे दिसते. आदल्या दिवशी फक्त पाणी, शहाळे, लिंबूसरबत. मग पावडरचे पाकीट दोन लिटर पाण्यात विरघळवून आठ ग्लास करायचे, चार संध्याकाळी आणि चार तपासणीच्या दिवशी पहाटे. मे महिना होता. घरात आंब्यांची आढी घातलेली, सुट्टीला आलेली काकांची तीन मुले, आणि वाड्यात आमच्या वाटणीला संडास एकच. त्यात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. माझी तारीख नेमकी कोरड्या दिवसावर आली.

काकूने सगळी सूत्रे हाती घेतली. हंडे, कळश्या, बादल्या, गणपतीच्या वेळचे मोठे पातेले, सगळे भरून संडासाच्या दारापर्यंत ओळीने लावले. कोपऱ्यावरच्या मावशींनी न विचारता एक पिंप पाठवले. म्हणजे बातमी गल्लीत गेलेली होती. चार महिने जी गोष्ट मी दंतमंजनाच्या डब्यांआड लपवली, तिच्यासाठी आता अख्खी गल्ली पाणी साठवत होती.

संध्याकाळी सातला पहिला ग्लास घेतला. त्या पाण्याची चव सांगायची तर, लिंबाच्या वासाचे मीठपाणी, आणि त्यात कुणीतरी नजर चुकवून साबण विरघळवलेला. पहिला ग्लास कुतूहलाने गेला, दुसरा जिद्दीने. तिसऱ्याला नाक दाबले. चौथ्याला काकांचा धाकटा पुढे बसून "अजून एवढं राहिलंय की" म्हणत बोटाने खूण दाखवत होता. तासभर काहीच झाले नाही. पाकीट जुने असावे असे मला वाटू लागले, आणि तेवढ्यात आतून असा काही गडगडाट झाला की धाकटा स्वतःच बाजूला सरला. पुढच्या तीन तासांचा हिशेब मी देत नाही. बादल्यांची ओळ भराभर आखूड होत गेली एवढेच सांगतो. शेवटी फक्त पाणी पडले पाहिजे, पिवळसर आणि नितळ, असे कागदावर होते. आई दाराबाहेरून विचारायची, "आता कसं होतंय?"

"राकसकोपच्या पाण्यासारखं."

"पावसाळ्यातल्या की उन्हाळ्यातल्या?"

"पावसाळ्यातल्या."

"मग अजून व्हायचंय."

पहाटे चारला उरलेले ग्लास घ्यायचे होते. मी गजर लावून उठलो, तर स्वयंपाकघरात दिवा लागलेला. आईने उरलेले पाणी मापून चार ग्लास ओट्यावर मांडले होते आणि त्यांच्या शेजारी एका साडीच्या दुकानाची, विटलेली प्लॅस्टिकची पिशवी होती.

"ही डॉक्टरांना दाखव," ती म्हणाली.

पिशवीत वडिलांचे कागद होते. घड्यांवर फाटलेले, काही चिकटपट्टीने जोडलेले. इंग्रजी मला वाचता येत होते, पण तो लांबलचक शब्द मी दोनदा वाचला. ॲडिनोकार्सिनोमा. मोठे आतडे, डावी बाजू. वय 43.

"त्यांनाही वर्षभर जात होतं," आई म्हणाली. "मला फार उशिरा कळलं. धोतराला डाग दिसला तेव्हा. म्हणाले, मूळव्याध आहे, कुणाला सांगू नकोस. सुरण खायचे. ताक प्यायचे." ती थोडी थांबली. "तू सुरण मागायला लागलास तेव्हा मला समजायला पाहिजे होतं."

मी काय बोलणार? हातात ग्लास होता. ती म्हणाली, "पी. पंधरा मिनिटं झाली." मी प्यालो. मग ती वडिलांच्या शेवटच्या सहा महिन्यांविषयी बोलली. ऑपरेशन, पोटावर लावलेली पिशवी, ती कुणाला दिसू नये म्हणून मे महिन्यातही अंगावर घेतलेली शाल. ती शाल मला आठवत होती. वडिलांना थंडी वाजते, असे मला सांगितले गेले होते. चौथा ग्लास संपला तेव्हा बाहेर उजाडत होते. मला विचारा, तर त्या तासात पाण्याची चव मला लागलीच नाही.

सहीसाठी दिलेला फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत होता. भाषेच्या फलकांवर या अंकात दरवर्षी कुणी ना कुणी लिहितेच, म्हणून त्यात मी पडत नाही. माझी तिसऱ्या भाषेतली कन्नड 'छिद्र पडण्याची शक्यता' या वाक्यापाशी अडखळली, तेव्हा एका नर्सबाईंनी शेजारी बसून सगळा कागद मराठीत समजावला. मागे उघडा असणारा हिरवा झगा घालून मी टेबलावर डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडलो. "हेदरब्याड री," त्या म्हणाल्या. घाबरू नका. दंडाच्या शिरेत औषध गेले. पडद्यावर गुलाबी, ओलसर, वळ्यावळ्यांचे एक भुयार दिसले. ते माझे आहे हे पटायच्या आतच मी झोपेत बुडालो. मध्येच पोटात वाऱ्याने ताण आल्यासारखे वाटले आणि कुणीतरी "फोटो घ्या" म्हणाले. लाजायचे जे काही होते ते घडून गेले, आणि मला त्याचा पत्ताही नाही.

जाग आली तेव्हा काका उशाशी होते. पोटात भरलेली हवा बाहेर पडू द्यायची होती, संकोच न करता. काका म्हणाले, "सोड. इथं सगळे त्याचसाठी आलेत."

डॉक्टरांनी फोटो दाखवला. डाव्या बाजूच्या आतड्यात, देठावर उभा असलेला एक लालसर कोंब. पॉलिप. सुमारे दीड सेंटिमीटर. तारेचा फास देठाभोवती आवळून, वीज सोडून त्यांनी तो तिथल्या तिथे कापून काढला होता. आतड्याच्या आतल्या अस्तराला कापल्याची वेदना कळत नाही, ताणल्याची कळते. ही फासाची युक्ती 1969 साली न्यूयॉर्कमध्ये हिरोमी शिन्या आणि विल्यम वुल्फ यांनी मोठ्या आतड्यात यशस्वी केली, हे मी नंतर वाचले. त्याआधी अशा कोंबासाठी पोट उघडावे लागे. म्हणजे वडिलांच्या वेळी ही सोय होती. कोंब कोंबच होता तोवर कुणी पाहिले असते तर.

बायोप्सीच्या रिपोर्टला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत आईने देवापुढे काय बोलली ते मला सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. काही गोष्टी कमरेच्या वरच्या असूनही सांगायच्या नसतात. रिपोर्टमध्ये ॲडिनोमा होता. कर्करोग नव्हे, पण अशा गाठींपैकी काहींचा पुढे, बहुधा दहा-एक वर्षांत, कर्करोग होतो. डॉक्टर म्हणाले, तीन वर्षांनी पुन्हा बघू. 2020 साल टाळेबंदीत गेले, म्हणून 2021 मध्ये बघितले. स्वच्छ होते. अमेरिकेत लक्षणे नसलेल्यांनीही ही तपासणी पन्नासऐवजी पंचेचाळीसाव्या वर्षापासून करावी, असा सल्ला त्याच वर्षी निघाला. मी दोन्ही आकड्यांपासून लांब होतो, पण रक्त वय विचारून येत नाही.

वडिलांची पिशवी डॉक्टरांनी नीट पाहिली होती. ज्या वयात घरच्या माणसाला हा रोग निघाला, त्याच्या दहा वर्षे आधी भावंडांनी तपासून घ्यायचे, असे ते म्हणाले. 43 वजा 10. माझी ताई धारवाडला असते, ती तेव्हा 31 वर्षांची होती. फोनवर सगळे सांगितले तर म्हणाली, "मला काही होत नाही रे. आणि सासरी काय सांगू?" दोन वर्षे मी दर भाऊबीजेला तिला ओवाळणीबरोबर तोच विषय देत असे. 2019 च्या भाऊबीजेला ती बेळगावला आली ती बॅगेत तयारीचा कागद घेऊनच. तिच्या आतड्यात काही निघाले नाही.

त्या पहाटे मी आणि आई दोघेही उठलो होतो. ताईने ओट्याशी उभे राहून तिसरा ग्लास संपवला, डोळे मिटून तोंड वाकडे केले आणि म्हणाली, "असले चार ग्लास तू पहाटे उठून प्यालास?"

"आठ," मी म्हणालो. "चार आदल्या संध्याकाळी."

आई चौथा ग्लास भरत होती.