पुराना पूल आणि लग्नाची मागणी

नदीवरच्या जुन्या दगडी पुलावर उभं राहून लग्नासाठी विचारायचं, ही कल्पना सिनेमावाल्यांची भारी आवडती. पण असा पूल बघायला परदेशात जायची गरज नाही. हैदराबादला मुसी नदीवर 'पुराना पूल' आहे. गोवळकोंड्याचा सुलतान इब्राहिम कुतुबशहा याने तो 1578 साली बांधला. दगडी कमानी 22.

काही लोक त्याला 'प्याराना पूल' म्हणतात. दंतकथा अशी, की राजपुत्र मुहम्मद कुलीचं नदीपलीकडच्या भागमतीवर प्रेम होतं. मुसीला पूर आलेला असताना त्याने तिला भेटायला घोडा पाण्यात घातला. ही गोष्ट बापाला कळली. आता आपल्याकडे असं कळलं की काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. आधी मोबाईल काढून घेतात, मग मुलीचं कॉलेज बंद. या बापाने मात्र पूल बांधला म्हणे!

आता जरा गणित करू. मुहम्मद कुलीचा जन्म साधारण 1565 चा. 1578 मधून 1565 वजा करा. तेरा! म्हणजे आपल्या सातवी-आठवीतलं पोरगं. भागमती खरंच होती का, यावरही इतिहासकारांचा वाद आहे. गोवळकोंड्याचा व्यापार मछलीपट्टणम बंदराकडे जायचा, त्याला नदी ओलांडायला वाट हवी होती, हे कारण मला जास्त पटतं.

तरी ती गोष्ट टाकून द्यावी असं नाही वाटत. लोकांना असा बाप हवा होता, म्हणून त्यांनी तो एका पुलाला जोडून ठेवला.

आणि पूलही तसाच चिवट. सप्टेंबर 1908 मध्ये मुसीला महापूर आला, हजारो माणसं गेली, नदीवरचे दुसरे पूल वाहून गेले. हा टिकला.

पुढे गाड्या शेजारच्या नव्या पुलावरून जाऊ लागल्या आणि जुन्यावर भाजीवाले बसले. आता तिथे गुडघ्यावर बसून अंगठी पुढे करायची, तर आधी कोथिंबिरीच्या जुड्या बाजूला सारा! पण खरं सांगू, मला तीच जागा बरी वाटते. भाव करण्यात गुंतलेली माणसं मोबाईल रोखून टाळ्या वाजवत बसत नाहीत. त्यामुळे तिला "विचार करून सांगते" असं म्हणता येतं, आणि "नाही" म्हणायचं असेल तर दुसऱ्या टोकाने निवांत घरीही जाता येतं.