द्वादशीची पंगत

एकादशीला काही खाल्ले नाही तर कुणी विचारत नाही. पण द्वादशीच्या पारण्याला पंढरपुरात पंगतीत बसून पान रिकामे कसे ठेवायचे? उपास आहे म्हणावे, तर तो सोडण्यासाठीच पंगत असते. गेल्या आषाढीला माझी ही पंचाईत झाली.

वारीच्या सहा महिने आधी माझी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली. वजन ११६ किलो, गुडघे गेलेले, साखर वाढलेली. डॉक्टरांनी जठराचा जवळजवळ पाऊण भाग काढला. उरली केळ्याएवढी नळी. आता चार घास, तेही सावकाश चावून. आधी डाळ-उसळ, मग भाकरी. जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तास नाही. गोड जास्त झाले की छाती धडधडते, घाम फुटतो. घरी हे निभावते. दिंडीत मात्र कुणाला सांगितले नव्हते. २२ वर्षे ज्यांच्याबरोबर वारी केली त्या बायका म्हणतील, हिला तोंड आवरले नाही म्हणून पोट कापून घेतले. खरे तर असे कुणीच म्हटले नव्हते. ते माझ्याच मनात होते.

वाटेत जमून गेले. एकादशीला साबुदाण्याऐवजी दूध-दही. पंगतीत वाढपी आला की पानावर हात आडवा. पण आपल्याकडे आग्रह हीच माया! ‘माउली, एवढ्यानं काय होतंय’ म्हणत तो पोळी सोडतोच. आणि पानात टाकायचे नाही, हे तर लहानपणापासून अंगात मुरलेले. मग युक्ती सापडली. पुंडलिकवरदाचा गजर होऊन पहिला घास घेईपर्यंत पानातले काही उष्टे नसते. तेवढ्यात पोळी शेजारी सरकवायची. आईबरोबर आलेला एक वाढत्या वयाचा पोरगा गाठून मी रोज त्याच्याशेजारी बसे.

द्वादशीला नेमका तो दुसऱ्या ओळीत गेला. शेजारी बसल्या दिंडीतल्या सर्वांत म्हाताऱ्या आजी. पानात दोन पुरणपोळ्या पडल्या. अर्धी कशीबशी खाल्ली आणि घाम फुटला.

‘काय गं, बरं नाही व्हय?’

‘पित्त झालंय,’ मी म्हणाले. कळसाला हात जोडून तासही झाला नव्हता. आजी बिचाऱ्या कमरेची पिशवी सोडून आवळासुपारी शोधू लागल्या. ते पाहवेना. हळू आवाजात सगळे सांगून टाकले.

त्या जरा वेळ गप्प राहिल्या. ‘मागल्या साली वाखरीला तुला ट्रकातनं उतरवून घेतलं होतं. औंदा चालत आलीस,’ एवढेच म्हणाल्या आणि माझ्या पानातली पोळी उचलली.

‘आजी, उष्टं पान आहे!’

‘पुनवेला गोपाळपुरात काला खातीसच की सगळ्यांच्यातला.’

कार्तिकीला वाढपी समोर आला तेव्हा मी हात आडवा केला नाही. ‘अर्धीच वाढा माउली, पोटाचं ऑपरेशन झालंय वजनासाठी,’ म्हणाले. तो पुढे गेला, सगळी ओळ वाढून झाल्यावर परत आला आणि शेजारी उकिडवा बसून म्हणाला, ‘कितीक दिवस झोपून राहावं लागतं हो? मंडळींच्या गुडघ्यासाठी विचारतोय.’