सूर्य कुठला धरायचा?



परदेशी निघालं की सगळ्याजणी विचारतात, "तिथे खायचं काय?" त्याची तयारी आपल्याला जमते. गिरगावातून बेल्जियममधल्या अँटवर्पला निघताना मला काळजी होती ती "खायचं कधी?" याची. रात्री न जेवण्याचा आम्हा दोघांचा नियम आहे, आणि ह्यांना मधुमेह. जेवणात फार खंड पडला की ह्यांना घाम फुटतो, हात थरथरतात.

जूनमध्ये अँटवर्पला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. मुंबईचं घड्याळ तेव्हा साडेतीन तास पुढे असतं. आम्ही सहाला स्टेशनवर उतरलो तेव्हा गिरगावात साडेनऊ वाजले होते, सासूबाईंचं पाणीसुद्धा बंद झालेलं. हे म्हणाले, "अगं, नियम आपण मुंबईत घेतला. तिथला सूर्य तर केव्हाच बुडाला."

मी म्हटलं, "अहो, अंधारात बारीक जीव दिसत नाहीत, दिवा लावला तर जास्तच जमतात, म्हणून तर हा नियम. आचार्य अमृतचंद्रांनी 'पुरुषार्थसिद्ध्युपाया'त रात्रिभोजनाचा विचार हिंसेच्या अंगानेच केलाय. आपण जिथे जेवणार, तिथलाच उजेड धरायचा." ह्यांना ते पटलं, आणि आम्ही पायी निघालो.

1905 साली उघडलेलं ते स्टेशन, वर भलाथोरला घुमट. बाहेर पडताच जवळच हिऱ्यांच्या बाजाराची गल्ली, आणि कानावर चक्क गुजराती! ऑपेरा हाऊसच्या पंचरत्न इमारतीची आठवण आली. पालनपूरकडची कितीतरी जैन कुटुंबं या व्यापारासाठी इथे स्थायिक झाली आहेत. विल्रिक उपनगरात त्यांनी संगमरवरी मंदिर बांधलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं दर्शन तिथेच घ्यायचं ठरवलं.

जुन्या गावात शिरलो की मोठ्या चर्चचा 123 मीटर उंच मनोरा दिसतो. दगडाची जणू जाळीच विणलीय. पुढच्या चौकात 1887 सालचं कारंजं आहे. त्यावरचा वीर एक तुटलेला हात भिरकावतोय. दंतकथा अशी, की नदीवरचा एक राक्षस जकात न देणाऱ्या नावाड्यांचे हात तोडायचा. ब्राबो नावाच्या वीराने त्याचाच हात तोडून नदीत फेकला. गावाच्या नावाचा संबंधही लोक त्या हात फेकण्याशी जोडतात.

दुकानांच्या काचेत हाताच्या आकाराची बिस्किटं मांडलेली. त्यात अंडं असतं, म्हणजे प्रश्नच मिटला. पण बिनअंड्याची असती तरी मी घेतली नसती. आपल्याकडे यशोधर राजाची कथा सांगतात ना? आईच्या आग्रहाखातर त्याने पिठाच्या कोंबड्याचा बळी दिला, आणि पुढच्या जन्मी मायलेक मोर आणि कुत्रा होऊन जन्मले. कोंबडा पिठाचा होता, पण मनातला भाव खरा होता. हे म्हणाले, "बिस्किट खाणाऱ्या मुलाच्या मनात कुठे असतो तो भाव?" तेही खरंच. दुसऱ्याच्या मुलाला मी नावं ठेवणार नाही. माझा हात मात्र पुढे झाला नाही.

जाणाऱ्यांसाठी सांगते. तिथे जागोजागी बटाट्याच्या फोडी तळतात. बटाटा आपल्याला वर्ज्यच, पण ज्या घरी चालतो त्यांनीही विचारून घ्यावं, कारण जुन्या पद्धतीत त्या गाईबैलांच्या चरबीत तळतात. वॉफलमध्ये अंडं असतं, आणि बऱ्याच चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट.

आठ वाजता स्केल्ट नदीकाठी बाकावर पिशवी उघडली. दशम्या, बिनलसणाचं भडंग, खाकरे, सफरचंद. ऊन अजून पाण्यावर चमकत होतं. सूर्यास्ताआधी दोन घटिका, म्हणजे 48 मिनिटं जेवण आटपायचं म्हटलं तरी नऊ वाजून गेले असते. हे हसून म्हणाले, "मग नऊला आणखी एकदा बसू या?" मी पिशवीची गाठ मारली. सूर्याने उशिरापर्यंत सवलत दिली म्हणून पोटाने दोनदा घ्यायची नसते. ह्यांनी गोळी घेतली, नऊला पाणी प्यायलो आणि चारी आहारांचा त्याग केला. पहाटे साडेपाचला सूर्य वर. ह्यांचा खंड मुंबईपेक्षाही कमी पडला.

पण तिथला डिसेंबर निराळा. साडेचारनंतर लगेच सूर्यास्त आणि पाऊणे नऊला सूर्योदय, म्हणजे सोळा तास! तेव्हा ह्यांना तसं राहू देणं मला जमणार नाही. सोळाकारण भावनांमध्ये त्याग आणि तप या दोन्हींच्या आधी 'शक्तितः' हा शब्द आहे, शक्तीप्रमाणे. आजारी माणसाची शक्ती ओळखणं हाही त्या नियमाचाच भाग आहे, असं मला वाटतं.

तेव्हा तिकीट काढण्याआधी त्या गावाच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा लिहून घ्या. घरात कुणाला गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर तो कागद आधी डॉक्टरांना दाखवा आणि मग महाराजांना विचारा.