तात्राचं ऊन पाणी

पोलंडमधल्या क्राकोवहून दक्षिणेकडे जाणाऱ्या एका दिवसाच्या सहलींचा क्रम जवळजवळ ठरलेला असतो. लाकडी घरांचं एक गाव, मेंढपाळाच्या झोपडीत चीजची चव, टेकडीवरून तात्रा पर्वताचं दर्शन, झाकोपानेच्या बाजारात तासभर, आणि अंधार पडता पडता गरम पाण्याचे तलाव. कागदावर ही पाच ठिकाणं दिसतात. दिवसभर हिंडल्यावर माझं मत झालं की ठिकाण एकच आहे. डोंगरावर पाणी पडतं, बर्फ पडतं, ते कुठेकुठे जातं, आणि आपण त्याच्या मागे जात असतो.

*

रस्त्याला सगळे झाकोप्यान्का म्हणतात. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, पण सुट्टीच्या दिवशी वेळेचा भरवसा नाही. 2022 च्या नोव्हेंबरात इथे दोन किलोमीटर लांबीचा बोगदा सुरू झाला, तेव्हापासून एका चढापासून सुटका झाली आहे. बोगद्यातून बाहेर पडलो तर शेतांवरचा बर्फाचा थर चांगलाच वाढलेला.

गाइड याच भागातला, गुराल. म्हणजे डोंगरातला माणूस. भाची क्राकोवला नोकरी करते, ती म्हणाली होती, "मावशी, बसनं आपण दोघीही जाऊ, पण तुझ्या प्रश्नांना उत्तरं कोण देणार? गाइड घेऊ." तिचं बरोबर होतं. वाटेवरची प्रत्येक खुराड्यासारखी दिसणारी टपरी, प्रत्येक पाटीवरचं आडनाव त्याला ठाऊक होतं.

*

खोखोवूफ. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ओंडक्यांची घरं, आडवे रुंद ओंडके एकावर एक, दोन ओंडक्यांमधल्या फटीत लाकडाच्या बारीक ढलप्यांचे पीळ कोंबलेले. थंडी आत येऊ नये म्हणून. घरांची आखूड बाजू रस्त्याला आणि दर्शनी बाजू दक्षिणेला, उन्हाकडे. घर रस्त्यासाठी नाही, सूर्यासाठी बांधायचं, हे मला फार आवडलं.

जुनं लाकूड म्हणजे काळपट, ही आपली समजूत. इथली कित्येक घरं मधाच्या रंगाची आहेत, कारण ती धुतात. वसंतात, ईस्टरच्या आधी, साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन घराच्या बाहेरच्या भिंती घासायच्या, छपराच्या खालपर्यंत. पिढ्यानपिढ्या हे काम बायकांचं. एक घर 1889 मध्ये एकाच फर वृक्षाच्या लाकडातून उभं राहिलेलं आहे; त्याच्या भिंतीपाशी उभं राहून ओंडक्याची रुंदी पाहिली की त्या झाडाचा अंदाज येतो.

याच गावातल्या शेतकऱ्यांनी 1846 च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रियाविरुद्ध उठाव केला. थोड्याच दिवसांत तो मोडला गेला. त्या आठवणींसाठी एक छोटं संग्रहालय त्याच लाकडी घरांपैकी एकात आहे. बसमधल्या बहुतेकांनी बाहेरूनच फोटो काढले. इथे सहलीनं वीस मिनिटं जास्त द्यायला हवीत, आणि बाजारातली कमी करावीत.

*

ओस्त्सिपेक. मेंढीच्या दुधाचं धुरी दिलेलं चीज, दोन्ही टोकांना निमुळतं, कोरलेल्या लाकडी साच्यात दाबल्यामुळे मधोमध नक्षी उठलेली. 2008 पासून युरोपीय संघात या नावाला संरक्षण आहे आणि नियम कडक आहेत: दुधात निदान 60 टक्के मेंढीचं हवं, लांबी 17 ते 23 सेंटिमीटर, वजन 600 ते 800 ग्रॅम. करायचं ते मे ते सप्टेंबर याच काळात, मेंढ्या कुरणावर असताना.

आम्ही तर फेब्रुवारीत गेलो होतो, मग चव कशाची घेतली? गाइडनं हे आपणहून सांगितलं, म्हणून त्याच्याबद्दल आदर वाटला. हिवाळ्यात निखाऱ्यावर भाजून, वर लाल आंबट बेरीचा मुरांबा घालून जे देतात ते बहुतेक गाईच्या दुधाचं, त्याच्याच घराण्यातलं दुसरं चीज. खारट, चिवट, दाताखाली किरकिरणारं. भूक लागलेली असताना उत्तमच. पण मेंढीचं नव्हे.

खरी झोपडी हिवाळ्यात रिकामी असते. मुख्य मेंढपाळाला बात्सा म्हणतात, त्याच्या हाताखालच्या पोरांना युहास. वसंतात कळप घेऊन वर जायचं आणि सप्टेंबरअखेर, संत मायकेलच्या सणाच्या सुमाराला, घंटा वाजवत खाली यायचं. खाली आल्यावर ज्याच्या त्याच्या मेंढ्या ज्याला त्याला परत, कारण कळप एकाचा नसतो. गावातल्या अनेक घरांनी आपापली जनावरं बात्साच्या स्वाधीन केलेली असतात. आपल्याकडे धनगरांचे वाडे पावसाळ्यात घाटमाथा सोडून कोरड्या मुलखाकडे सरकतात. तिथे पावसाला टाळायचं, इथे गवताच्या मागे चढायचं. दोन्हीकडे पंचांग जनावरच ठरवतं.

*

गुबावूफ्काची टेकडी अकराशे मीटरहून जेमतेम उंच. 1938 साली तिच्यावर रुळांवरून चढणारी दोरीची गाडी सुरू झाली, ती अजून लोकांना काही मिनिटांत वर नेते. वर खेळण्यांची, मिठाईची दुकानं. त्यांच्याकडे पाठ केली की समोर तात्रा.

ही सबंध रांग सुमारे 57 किलोमीटर लांब, त्यातला पोलंडकडे आलेला भाग लहान, बाकी स्लोव्हाकियात. सह्याद्रीच्या सवयीच्या डोळ्याला हे आकडे किरकोळ वाटतात. पण सह्याद्री आपल्याला थरांत दिसतो, एकामागे एक; तात्रा सपाट मैदानातून एकदम उठते. मधे पायऱ्या नाहीत. पोलंडचं सर्वोच्च शिखर रिसी 2,499 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा साडेआठशे मीटरनं वर.

समोरचा ग्येवोंत 1,900 मीटरला थोडा कमी. लोकांना त्यात उताणा झोपलेला सरदार दिसतो, देशावर संकट आलं की उठणार म्हणतात. माथ्यावर 1901 मध्ये उभारलेला पंधरा मीटरचा पोलादी क्रूस. 2019 च्या ऑगस्टमध्ये त्या माथ्यावर वीज पडून माणसं गेली, शंभराहून अधिक जखमी झाली. चढाला लावलेल्या साखळ्यांमधून वीज वाहिली. गाइड हे सांगताना थांबून थांबून बोलला. डोंगरात दुपारनंतर ढग दिसले की खाली उतरा, एवढंच त्यानं शेवटी म्हटलं आणि मुलांच्या आयांकडे पाहिलं.

*

झाकोपाने गावाला नाव मिळवून दिलं एका डॉक्टरानं. तितुस खावुबिन्स्की, वॉर्साचे वैद्य. 1873 मध्ये इथे कॉलऱ्याची साथ आली तेव्हा त्यांनी गावकऱ्यांवर उपचार केले, आणि पुढे शहरातल्या लोकांना इथली हवा घ्यायला पाठवत राहिले. त्यांच्या पुतळ्याच्या पायाशी साबावा बसलेला आहे. साबावा म्हणजे इथला म्हातारा गोष्टीवेल्हाळ, सारंगीसारखं वाद्य वाजवणारा, डोंगर पायाखालचा असलेला. डॉक्टर वर आणि वाटाड्या खाली, पण पुतळा दोघांचा मिळून केलाय हे मोलाचं.

1902 मध्ये मारी क्युरींची बहीण ब्रोनिस्वावा आणि तिचे पती काझिमिएश द्वुस्की यांनी इथून जवळच क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढलं. मिरज-पाचगणीच्या हवेशी आपल्या आजोबांच्या पिढीचं जे नातं होतं, तेच पोलिश घराण्यांचं झाकोपानेशी.

क्रुपुफ्की हा बाजाराचा रस्ता. गर्दी. लोकरी मोजे चांगले मिळाले.

*

आता पाणी. यासाठी वेगळं पान.

इथे ज्वालामुखी नाही. पाणी गरम का, या प्रश्नाला पर्यटक बहुधा 'लाव्हा' म्हणतात; कोकणातही लोक तेच म्हणतात. दोन्हीकडे ते खरं नाही. तात्राच्या अंगावर चुनखडीचे आणि डोलोमाइटचे थर उघडे पडलेले आहेत. पाऊस आणि वितळलेलं बर्फ त्यांच्या भेगांतून आत शिरतं. हेच थर उत्तरेकडे कलत कलत पोदहाले नावाच्या खोऱ्याखाली जातात, किलोमीटर-दोन किलोमीटर, कुठे त्याहून खोल. त्यांच्यावर वाळूखडकाचं आणि शेलचं जाड झाकण आहे, त्यातून पाणी वर झिरपू शकत नाही. जमिनीत दर किलोमीटरला तापमान पंचवीस-तीस अंशांच्या हिशेबानं चढतं. एवढंच. पाणी खाली उतरलं, कोंडलं गेलं, तापलं. भोक पाडलं की डोंगरातल्या उंचीच्या दाबानं आपोआप वर येतं.

नैसर्गिक झरा पूर्वी एकच नाव घेण्यासारखा होता, झाकोपानेच्या पूर्वेला याश्चुरूफ्का इथे, सुमारे 20 अंशांचा. एकोणिसाव्या शतकात लोक तिथे अंघोळीला जात. खरा शोध विंधन विहिरींनी लावला. 1979 ते 1981 या काळात बान्स्का निझ्ना गावात 5,261 मीटर खोल विहीर खणली, आणि 80 अंशांहून गरम पाणी हाती आलं.

आणि ते पाणी आधी कुठे गेलं? तलावात नाही. 1990 च्या दशकात त्याच गावातल्या घरांच्या हीटरमध्ये, नंतर नळांनी थेट झाकोपानेपर्यंत. पाण्यातली उष्णता काढून घ्यायची, ती दुसऱ्या स्वच्छ पाण्याला द्यायची, आणि निवलेल्या पाण्यातलं बरंचसं दुसऱ्या विहिरीतून पुन्हा त्याच थरात सोडायचं. पोदहालेत हिवाळ्यात कोळशाचा धूर खोऱ्यात साचून राहतो, जवळच्या नोवी तार्गची हवा त्यासाठी कुप्रसिद्ध. ज्या घराला हे पाणी मिळालं त्या घराची चिमणी थंडावली. क्राकोव शहरानं तर 1 सप्टेंबर 2019 पासून घरात कोळसा आणि लाकूड जाळायला बंदीच केली आहे. मला या सहलीतली सर्वांत मोठी गोष्ट ही वाटली. सहलीच्या कागदावर तिचा उल्लेख नाही.

*

आम्ही गेलो ते तलाव खोखोवूफजवळचे, 2016 मध्ये सुरू झालेले. पाणी साडेतीन किलोमीटर खोलीवरून येतं, 82 अंशांचं, मग निववून तलावात सोडतात. अंगाला लागतं तेव्हा तिशीच्या वर, गरम तलावांत छत्तीसपर्यंत. गंधकाचा वास अगदी पुसट.

हाताला पट्टा बांधतात, तोच कपाटाची किल्ली आणि तोच वेळेचा हिशेब. तलावाआधी साबण लावून शॉवर घ्यायचा. म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत कुणी चुकवत नव्हतं. सौना विभाग वेगळा आहे आणि तिथे पोहण्याचे कपडे चालत नाहीत, चादर गुंडाळून जातात. पोलंडमध्ये हा रिवाज सर्रास आहे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मी आणि भाचीनं तो भाग बाहेरूनच सोडला. ज्याला जायचं त्यानं आधी माहीत करून घ्यावं.

आतल्या तलावातून प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा सारून पोहतच बाहेर जाता येतं. बाहेर शून्याखाली आठ. गळ्यापर्यंत ऊब, वर गार हवा, केसांवर वाफ गोठून पांढरी झालेली. भाची माझ्याकडे बघून हसत सुटली, "मावशी, आजी दिसतेस!" तिचेही केस तसेच झाले होते. शेजारी पाच-सहा पोलिश बायका, साठीच्या पुढच्या, गोल करून उभ्या आणि गप्पांत रंगलेल्या. एकीनं मला खुणेनं सांगितलं, कोपऱ्यातल्या धारेखाली पाठ धर. धरली. खांद्यातली कळ खरोखर सैल पडली.

*

आपल्याकडे कोकणात उन्हाळ्यांची, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांची, रांगच आहे. सातिवली, गणेशपुरी, अकलोली, वज्रेश्वरी, पालीजवळचं उन्हेरे, दापोलीकडचं उन्हवरे, संगमेश्वराजवळ आरवली, तुरळ, राजवाडी, आणि थेट राजापूर. उन्हवरेचं पाणी 70 अंशांच्या आसपास, त्यात हात धरवत नाही. काळ्या कातळातल्या खोल भेगांतून पावसाचं पाणी उतरतं आणि तापून वर येतं, विहीर न खणता. पोलंडला जे तीन-पाच किलोमीटर खणून काढावं लागलं, ते आपल्या दारात येऊन उभं आहे.

देवाच्या शेजारी कुंड, ही आपली रीत मला मनापासून प्रिय आहे. फुकट, सगळ्यांना खुलं, साडी नेसून उतरता येणारं. त्याचे तलाव करून तिकीट लावावं असं मी म्हणणार नाही. पण प्रत्येक कुंडापाशी एक पाटी हवी, हे पाणी कुठून आलं, किती खोल गेलं होतं, का तापलं. वाहत्या धारेपासून दूर, साबणासाठी वेगळी मोरी हवी. बायकांना कपडे बदलायला दार असलेली, कडी लागणारी खोली हवी. शाळेच्या सहली वज्रेश्वरीला जातातच. भूगोलाचा तास तिथेच घ्यावा.

*

परतीच्या वाटेवर गाइडनं विचारलं, भारतात कुठल्या गावच्या? कोल्हापूर म्हटलं. त्याला जामनगर माहीत होतं. दुसऱ्या महायुद्धात पोलिश मुलांना आसरा देणारे जामसाहेब पोलंडमध्ये आदराचं नाव आहे. वळिवडे माहीत नव्हतं. मग सांगितलं: 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं, सोव्हिएत छावण्यांतून सुटून आलेली. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांच्या नावाचा स्तंभ आहे. त्यानं गावाचं नाव माझ्याकडून फोनवर लिहून घेतलं आणि दोनदा उच्चारून पाहिलं.

*

जाणाऱ्यांसाठी. शनिवार-रविवार आणि पोलिश शाळांच्या हिवाळी सुट्ट्या टाळाव्यात. टॉवेल आणि रबरी चपला स्वतःच्या न्याव्यात. रक्तदाब, हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच उतरावं, आणि गरम तलावात एका बैठकीला फार वेळ थांबू नये. मधे बाहेर यावं, पाणी प्यावं. चीजसाठी जायचं असेल तर जून ते सप्टेंबर, आणि विकणाऱ्याला सरळ विचारावं, मेंढीचं किती. गाइडला विचारावं की तुमच्या घरी हीटर कशावर चालतो. आमच्या गाइडचं घर खोऱ्याच्या अशा भागात आहे जिथे नळ अजून पोचलेला नाही. तो वाट बघतोय.